बॉम्बे रक्तगट आणि बायोडेटातली एक ओळ

मे १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटा शोधनिबंध आला. जेमतेम दोन पानांचा. शीर्षक मराठीत आणायचं तर: ‘एबीओ व्यवस्थेशी नातं असलेला एक “नवा” रक्तगट-गुणधर्म’. लेखक सात. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया हे तिघे मुंबईचे. रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि डब्ल्यू. एम. वॉटकिन्स हे चौघे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले. आज ज्याला आपण ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतो, त्याची ही जन्मनोंद.

वैज्ञानिक निबंधावर समीक्षा लिहायची पद्धत आपल्याकडे नाही. कविता, कादंबरी, सिनेमा, फार तर वेब सिरीज. पण मला हा निबंध एक लेखन म्हणून वाचावासा वाटतो आणि त्याच्या शेजारी त्याविषयी आपण मराठीत जे लिहितो, फॉरवर्ड करतो, तेही ठेवून बघावंसं वाटतं. कारण रक्त हा आपल्या भाषेतला सगळ्यात वजनदार शब्दांपैकी एक आहे, आणि या दोन पानांनी त्या शब्दाला जे केलं ते अजून आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही.

सुरुवात शीर्षकातल्या अवतरणचिन्हांपासून करते. ‘नवा’ हा शब्द मूळ इंग्रजी शीर्षकातही अवतरणात आहे. सात संशोधकांना काहीतरी नवं सापडलंय, आणि तरी ते ‘नवा’ म्हणताना किंचित थांबतात. का? कारण त्यांना सापडलेली गोष्ट हे एक नसणं होतं. सापडलेल्या लोकांच्या लाल पेशींवर ‘ए’ नव्हता, ‘बी’ नव्हता, आणि ‘ओ’ गटाच्या माणसांत हमखास असतो तो ‘एच’ही नव्हता. जे नाही त्याला नवा गुणधर्म म्हणायचं की नाही, ही शंका त्या दोन छोट्या चिन्हांत आहे. सनसनाटी मथळे लिहिणाऱ्या कुणीही ही चिन्हं आधी पुसली असती.

आता थोडी रसायनाची वाट चालावी लागेल, त्याला इलाज नाही. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. चहातली साखर नव्हे, तिची दूरची भावंडं. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर बसली की झाला ‘एच’. त्यावर एन-असेटिल-गॅलॅक्टोसमाइन जोडली की ‘ए’. तिच्याऐवजी साधी गॅलॅक्टोज जोडली की ‘बी’. काहीच जोडलं नाही तर ‘ओ’. एका पेशीवर अशी टोकं लाखांच्या घरात. घराच्या भाषेत सांगायचं तर ‘एच’ हे जोतं आहे. त्यावर कुणी ‘ए’ची भिंत बांधतं, कुणी ‘बी’ची, कुणी दोन्ही, आणि ‘ओ’वाले नुसतं जोतं ठेवतात. बॉम्बे गटात जोतंच नाही. विटा आहेत, गवंडीही आहे, पण भिंत उभी करायची कशावर?

ही इमारत कुणी उलगडली, तर मुख्यतः त्या यादीतल्या शेवटच्या दोन नावांनी. विनिफ्रेड वॉटकिन्स आणि वॉल्टर मॉर्गन. १९५२ सालीच या दोघांनी दाखवलं होतं की, ईल माशाच्या रक्तद्रवात ‘एच’ला पकडणारा जो घटक असतो तो फ्युकोज टाकल्यावर निष्प्रभ होतो. पद्धत सुंदर आहे. पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडाला आधीच सुट्टी साखर खाऊ घालायची. ती बरोबर साखर असेल तर तो पेशींकडे वळतच नाही, पोटभर जेवून आलेला पाहुणा पंगतीत बसत नाही तसा. चुकीची साखर दिली तर भूक तशीच, आणि गुठळ्या होतात. अशी एकेक साखर वाढून बघत कोणता गट कोणत्या साखरेवर उभा आहे हे त्यांनी ठरवलं. जनुकांचं वाचन तेव्हा शक्यच नव्हतं. डीएनएची दुहेरी सर्पिल रचनाच १९५३ ची.

वॉटकिन्सचं पुढचं आयुष्य मला या निबंधाचा उत्तरार्ध वाटतं. मॉर्गनबरोबर तिने मांडणी केली की रक्तगटाची जनुकं थेट साखर बनवत नाहीत, ती साखर जोडणारी विकरं बनवतात. ही मांडणी खरी असेल तर बॉम्बे गटाच्या माणसात ‘ए’ किंवा ‘बी’चं विकर धडधाकट असायला हवं, फक्त बेकार बसलेलं. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाच्या वंशवेलीवरून तसं सुचवलं होतं: स्वतःच्या पेशींवर ‘बी’ नसलेल्या आईकडून मुलीला ‘बी’ गेला होता. आणि १९७२ मध्ये, त्या दोन पानांनंतर वीस वर्षांनी, वॉटकिन्स आणि कॅरोलिन रेस यांनी बॉम्बे गटाच्या दात्यांच्या रक्तद्रवात ती विकरं प्रत्यक्ष दाखवली. गवंडी खरोखर हजर होता. १९६९ मध्ये ती रॉयल सोसायटीची फेलो झाली. २००३ मध्ये ती गेली, आणि त्याच वर्षी एकशेदोन वर्षांचे मॉर्गनही. मराठीत बॉम्बे रक्तगटावर जे लेख आणि व्हिडिओ माझ्या वाचण्या-बघण्यात येतात, त्यांत तिचं नाव मला दिसलेलं नाही.

त्यांत काय असतं? पहिला सूर चमत्काराचा: जगातला अतिदुर्मीळ रक्तगट. दुसरा सूर पराक्रमाचा: अमुक दात्याने रातोरात तमुक किलोमीटर प्रवास करून जीव वाचवला. दुसऱ्या सुराबद्दल माझी तक्रार नाही, ती माणसं खरोखर थोर आहेत. पण चमत्काराच्या सुरात एक गोम आहे. मुंबईत हे प्रमाण साधारण ७,६०० त एक आणि युरोपात दहा लाखांत एक असं सांगितलं जातं. मग प्रश्न पडायला हवा की आपल्याकडेच इतकं का? हा प्रश्न विचारला की गोष्ट चमत्काराची राहत नाही, आपल्या घराची होते.

बॉम्बे गटासाठी आई आणि वडील दोघांकडूनही ‘एच’चं बंद पडलेलं जनुक यावं लागतं. जनुक विरळ असेल तर दोघांकडे तेच असण्याची शक्यता नात्यात, किंवा लहान वर्तुळातल्या लग्नात वाढते. भाटिया आणि एल. डी. संघवी यांनी १९६२ मध्येच बॉम्बे गट आणि नात्यातली लग्नं या विषयावर निबंध लिहिला. पुढे जनुकं वाचता आल्यावर भारतीय बॉम्बे गटात पुन्हा पुन्हा तोच एक बदल सापडला. म्हणजे एका जुन्या पूर्वजाची एक सही पिढ्यानपिढ्या आतल्या आत फिरत राहिली. मामाच्या मुलीवर हक्क सांगणारा आणि पोटजातीच्या कुंपणात स्थळं बघणारा आपला समाज त्या सहीला फिरायला चांगली जागा देतो.

इथे मी दुसऱ्या एका मजकुराकडे वळते, जो तुमच्या फोनमध्ये पीडीएफ म्हणून नक्की असेल: लग्नाचा बायोडेटा. मी वर्धा जिल्ह्यात राहते. आर्वी असो, हिंगणघाट असो की देवळी, साचा एकच. वर गणपती, मग नाव, जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, जात, पोटजात, उंची, वर्ण, रक्तगट. वाङ्मयप्रकार म्हणून हा बायोडेटा आपल्याकडचा सर्वाधिक वाचला जाणारा असेल. त्यात रक्तगटाची ओळ नाडीच्या पंगतीत येऊन बसली आहे, आणि आता एक ‘वैज्ञानिक’ फॉरवर्ड फिरतं की एकनाडी म्हणजेच एक रक्तगट, म्हणून पूर्वजांनी ती निषिद्ध मानली. हे साफ चूक आहे. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते, साखरेच्या साखळ्या जनुकांवरून. नवरा-बायको दोघंही ‘ओ’ किंवा दोघंही ‘बी’ असण्याने मुलाला काही होत नाही. काळजी घ्यावी लागते ती आरएचची: आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा. त्यावर इंजेक्शन आहे.

गंमत अशी की, आनुवंशिक अर्थाने त्या कागदावरची खरी विचार करण्याजोगी ओळ पोटजातीची आहे, आणि ती जुळली की आपण निश्चिंत होतो. ज्या ओळीने थबकायला हवं तिथे आपण हुश्श म्हणतो आणि जिथे काही नाही तिथे ज्योतिषाला फोन लावतो.

१९५२ साली आणखी एक गोष्ट घडली. लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेलची नोंद केली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरहून मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्येच लिहिलं. एक बदल पेशीच्या बाहेर, साखरेच्या टोकाला. दुसरा पेशीच्या आत, हिमोग्लोबिनमध्ये. दोन्ही आईवडील दोघांकडून आल्याशिवाय पूर्णपणे प्रकट होत नाहीत. पण एकाला शहराचं नाव मिळालं, आणि दुसरा आमच्या विदर्भात ‘त्यांच्यातला आजार’ झाला. ‘त्यांच्यात’ म्हणजे कोण, हे बोलणाऱ्याला सांगावं लागत नाही. बॉम्बे गट असलेला माणूस ‘दुर्मीळ’ ठरतो, सिकलसेलचा वाहक असलेल्या मुलीचं स्थळ परत जातं. सिकलसेल हा वेदना देणारा आजार आहे, बॉम्बे गट नाही, हा फरक खरा आहे. पण वाहक आजारी नसतो, आणि तरी वागणूक बदलते. त्या बदलाचं कारण रक्तात शोधून सापडणार नाही, ते आपल्या भाषेत आहे.

आपली भाषा रक्ताला आतलं, अस्सल, न बदलणारं काहीतरी मानते. रक्ताचं नातं, रक्तातच आहे, रक्त बोलतं. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये तिघांच्या बाटल्यांतून एकदम आईला रक्त जातं, तिथे प्रेक्षकाला कुणी रक्तगट विचारू देत नाही, कारण नातंच गट आहे. सिनेमात ते मला चालतं. जातीच्या तोंडी ‘आमचं रक्त’ येतं तेव्हा मात्र वॉटकिन्स आठवावी. ‘ए’ आणि ‘बी’ची विकरं साडेतीनशेच्या आसपास अमिनो आम्लांची असतात आणि त्यांच्यात फरक जेमतेम चार जागांचा आहे. ज्याला आपण रक्ताचं अंतरंग म्हणतो तो पेशीच्या अंगावरचा साखरेचा एक दाणा आहे. तो ब्राह्मणाचा, महाराचा, कुणब्याचा, गोंडाचा वेगळा नसतो. आणि त्याच्यासारख्याच साखरा आपल्या आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावरही असतात.

मूळ निबंधाबद्दल माझी एक नाराजीही नोंदवते. ‘बॉम्बे’ हे नाव पुढे इतकं चिकटलं की १९९५ मध्ये शहर मुंबई झालं तरी गट बॉम्बेच राहिला, पण शहराच्या नावामागे भेंडे, देशपांडे, भाटिया दिसेनासे झाले. आपल्याच रुग्णालयांत उलट्या निकालाला वैतागून तो कचऱ्यात न टाकता त्याचा माग काढणारी माणसं होती. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं, तेच आजची परळची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. ही परंपरा मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी होती.

आणि हे केवळ अभिमानासाठी नव्हे. कॉलेजच्या शिबिरात काचपट्टीवर तीन थेंबांनी जो गट निघतो त्यात बॉम्बेवाला ‘ओ’ म्हणूनच दिसतो. त्याच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडं असतात, त्यामुळे ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. उलट्या बाजूने, म्हणजे त्याचा रक्तद्रव माहीत असलेल्या ‘ओ’ पेशींशी ताडून पाहिला, तरच खरं कळतं. रक्तपेढीत ही दुहेरी तपासणी होते. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या माझ्या जिल्ह्यात रक्तदानाला रांग लावणाऱ्या तरुणांची वाण नाही. त्यांना माझं सांगणं एवढंच की कार्डावरचं अक्षर रक्तपेढीतून एकदा पक्कं करून घ्या.

आणि बायोडेटातल्या त्या ओळीत ते अक्षर टाइप कराल तेव्हा भेंडे, वॉटकिन्स आणि मंडळींनी ‘नवा’ या शब्दाला लावली होती तशी दोन अवतरणचिन्हं मनातल्या मनात ‘रक्त’ या शब्दाला लावून बघा. शेजारची पोटजातीची ओळ मग तितकी सहज टाइप होणार नाही.