द्वंद्वाचा निकाल आणि सिंहासनाचे भवितव्य : महाभारत व 'शाहनामा' यांतील दोन लढतींचा तौलनिक विचार

प्रस्तावना

इतिहासात 'जर-तर'ला स्थान नसते असे म्हटले जाते. साहित्याच्या बाबतीत हा नियम तेवढा लागू पडत नाही. कथेत जे घडते ते कवीने अनेक शक्यतांमधून निवडलेले असते आणि थोर कवी न निवडलेल्या शक्यतांच्या खुणाही कथेत ठेवून जातो. या खुणा नीट वाचल्या म्हणजे प्रत्यक्ष शेवटाचा अर्थ अधिक उकलतो. अद्भुतरम्य महाकथांमध्ये तर राज्याचा प्रश्न वारंवार दोन वीरांच्या झुंजीवर येऊन ठेपतो. अशा वेळी 'दुसरा जिंकला असता तर राज्याचे काय झाले असते?' हा प्रश्न विद्यार्थी सहजपणे विचारतात. शिक्षकांनी तो पोरकट समजून टाळण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे दोन लढतींचा विचार केला आहे. पहिली, महाभारताच्या शल्यपर्वातील भीम व दुर्योधन यांचे गदायुद्ध. दुसरी, फिरदौसीच्या 'शाहनामा'तील रुस्तुम व सोहराब यांची झुंज. निकाल उलटा लागला असता तर पहिल्या लढतीत फक्त राजाचे नाव बदलले असते, दुसऱ्या लढतीत मात्र राजा कोणी व्हावे याचा नियमच बदलला असता, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

गदायुद्ध : युधिष्ठिराचा दुसरा जुगार

अठराव्या दिवशी कौरवसैन्याचा नाश झाल्यावर दुर्योधन द्वैपायन सरोवरात लपतो. पांडव तेथे पोहोचल्यावर युधिष्ठिर त्याला एक विलक्षण सवलत देतो. पाचांपैकी कोणाही एकाशी, आवडेल त्या शस्त्राने लढावे आणि त्याला मारल्यास राज्य घ्यावे. हे ऐकून कृष्ण संतापतो. दुर्योधनाने नकुल किंवा सहदेव यांना निवडले असते तर काय, असा त्याचा प्रश्न आहे. दुर्योधनाने तेरा वर्षे लोखंडी पुतळ्यावर गदेचा सराव केला आहे, याची तो आठवण देतो आणि हा पूर्वीसारखाच द्यूताचा डाव मांडल्याचे स्पष्ट बजावतो. म्हणजे 'वेगळा निकाल लागला तर?' हा प्रश्न टीकाकाराने बाहेरून आणलेला नाही. तो खुद्द कृष्णाच्या तोंडी आहे.

पुढे भीम उभा राहतो आणि कृष्णाच्या सूचनेवरून अर्जुनाने केलेल्या खुणेनुसार दुर्योधनाच्या मांड्यांवर प्रहार करतो. गदायुद्धात नाभीखाली वार निषिद्ध असल्याने बलराम नांगर उगारून धावतो. येथपर्यंतची चर्चा बहुधा धर्म-अधर्माची होते. राजकारणाच्या अंगाने मात्र एक साधी चौकशी करावयास हवी. दुर्योधन जिंकला असता तर त्याच्यानंतर गादीवर कोण बसले असते?

त्याचा पुत्र लक्ष्मण अभिमन्यूच्या हातून आधीच मारला गेला होता. सर्व सख्खे भाऊ मेले होते. धृतराष्ट्राचा जिवंत राहिलेला पुत्र युयुत्सू पांडवांच्या बाजूला होता. द्रौपदीचे पाच पुत्र त्या क्षणी जिवंत होते आणि कुरुकुलाचा पुढला अंकुर, परीक्षित, उत्तरेच्या उदरात होता. म्हणजे दुर्योधनाचा विजय हा निपुत्रिक राजाचा विजय ठरला असता. एका पिढीनंतर हस्तिनापूर बहुधा पांडवांच्याच वंशाकडे गेले असते. दुर्योधनालाही हे उमगले आहे. लढण्यापूर्वी तो म्हणतो की बांधव गेल्यावर ही ओसाड पृथ्वी आपल्याला नको, ती युधिष्ठिराने घ्यावी. युधिष्ठिर ती दान म्हणून नाकारतो, पण जिंकल्यावर त्याच्या वाट्याला येते ती हीच ओसाड पृथ्वी.

तेव्हा राज्याच्या दृष्टीने या लढतीचे दोन्ही निकाल एकमेकांच्या फार जवळ आहेत. खरा फरक पडतो तो सूडाच्या बाबतीत. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन अश्वत्थाम्याला सेनापती करतो आणि त्या रात्री झोपलेल्या शिबिरात धृष्टद्युम्न, शिखंडी व द्रौपदीचे पुत्र मारले जातात. दुर्योधन जिंकला असता तर ही रात्र बहुधा आली नसती. म्हणजे निकालाने वारस वाचले किंवा मेले असते, परंतु वंशपरंपरेने राज्य चालण्याचा नियम दोन्हीकडे अबाधित राहिला असता. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने (१९६७) मराठी वाचकाला महाभारत कुळांच्या व माणसांच्या व्यवहाराच्या अंगाने वाचण्याची सवय लावली. तीच सवय 'शाहनामा'कडे वळविली तर काय दिसते, हे आता पाहावयाचे आहे.

सोहराबची मोहीम : केवळ पित्याचा शोध नव्हे

फिरदौसीने 'शाहनामा' इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केला. त्यातील सोहराबची कथा आपल्याकडे 'बापाने न ओळखता मुलाला मारले' एवढ्या एका वाक्यात सांगितली जाते. मूळ काव्यात मात्र सोहराब निघतो तो एक राजकीय बेत घेऊन. समनगानच्या राजकन्येचा, तहमीनाचा हा पुत्र. आपला पिता रुस्तुम आहे असे आईकडून कळताच तो ठरवितो की इराणवर चालून जाऊन कैकाऊसला पदच्युत करावे आणि रुस्तुमला तख्तावर बसवावे. त्यानंतर तूरानकडे वळून अफ्रासियाबचेही तख्त घ्यावे. रुस्तुमसारखा पिता व आपल्यासारखा पुत्र असताना जगात दुसऱ्या कोणी मुकुट का धारण करावा, असा त्याचा रोकडा सवाल आहे.

हा सवाल इराण व तूरान या दोन्ही दरबारांना सारखाच घातक आहे. त्यामुळे एकमेकांचे हाडवैरी असलेले हे दरबार नकळत एकाच कामाला लागतात. पिता-पुत्रांची ओळख पटू नये, हे ते काम. अफ्रासियाब सोहराबला सैन्य देतो, पण सोबतच्या हुमान व बारमान या सरदारांना बजावतो की पित्याची ओळख मुलाला पटू देऊ नका. सोहराबने रुस्तुमला मारावे आणि मग झोपेत सोहराबचा काटा काढावा, असा त्याचा हिशेब आहे. इराणी बाजूला कैदी हुजीर रुस्तुमचा तंबू समोर दिसत असूनही त्याचे नाव लपवितो. रुस्तुम गेला तर इराणचे रक्षण कोण करणार, ही त्याची भीती आहे. तहमीनाने रुस्तुमची ओळख पटविण्यासाठी पाठविलेला तिचा भाऊ तर रात्रीच्या हेरगिरीत रुस्तुमच्याच ठोशाने मरतो. हा एक मृत्यू सोडला तर बाकी सर्व ठिकाणी अज्ञान हे दैवाने घडविलेले नसून माणसांनी जपलेले आहे.

तीन वेगळे निकाल

कुस्तीच्या पहिल्या फेरीत सोहराब रुस्तुमला पाडतो व खंजीर उपसतो. रुस्तुम त्याला सांगतो की प्रतिस्पर्ध्याला पहिल्यांदा पाडल्यावर मारावयाचे नसते, दुसऱ्यांदा पाडल्यावर मारावे, अशी आपली रीत आहे. सोहराब विश्वासाने त्याला सोडतो. पुढच्या फेरीत रुस्तुम त्याला पाडतो आणि स्वतः सांगितलेली रीत मोडून तत्काळ वार करतो. या प्रसंगाभोवती काव्याने तीन पर्यायी शेवट सूचित केले आहेत.

पहिला पर्याय, सोहराबने त्याच क्षणी खंजीर चालविला असता. यात सोहराब जिंकला असता, पण त्याचा बेत हरला असता. ज्याला तख्तावर बसवावयाचे तोच मेला असता. इराण उघडा पडला असता आणि सर्व लाभ अफ्रासियाबला झाला असता.

दुसरा पर्याय, लढतीपूर्वी ओळख पटली असती. सोहराब वारंवार नाव विचारतो, तहाचीही भाषा करतो, पण रुस्तुम नाव नाकारतो. ओळख पटली असती तर दोन राज्यांच्या मधोमध एक तिसरी सत्ता उभी राहिली असती. तिचा आधार वंश नसून पराक्रम असता. शिवाय नुकताच रुस्तुमचा कैकाऊसशी भांडणाचा प्रसंग झालेला आहे. उशिरा आल्याबद्दल शाहाने त्याला फाशी देण्याचा हुकूम सोडला होता आणि तो दरबार सोडून निघाला होता. सरदारांनी समजूत घालून त्याला परत आणले. म्हणजे बंडाला लागणारे कारण तयार होते.

तिसरा पर्याय सर्वांत बोलका आहे. जखमी सोहराब अजून जिवंत असताना रुस्तुम सरदार गोदर्झ यास कैकाऊसकडे धाडतो आणि नोशदारू हे प्राण वाचविणारे औषध मागतो. कैकाऊस ते देत नाही. हा मुलगा जगला तर रुस्तुमचे बळ दुप्पट होईल आणि आपले तख्त राहणार नाही, असे तो उघडपणे म्हणतो. 'सोहराबच्या मृत्यूनंतर नोशदारू' ही फारसीतील म्हण यावरूनच आली. आपण तिचा अर्थ 'उशिरा आलेली मदत' एवढाच घेतो. मूळ प्रसंगात मदत उशिरा आली ती अडवून धरल्यामुळे, हे आपण विसरतो. लढतीचा निकाल मैदानात अर्धाच लागला होता. उरलेला अर्धा दरबारात लागला.

नियम बदलला असता काय?

सोहराबचा बेत यशस्वी झालाच असता, असे मात्र म्हणता येत नाही. 'शाहनामा'त राजेपणासाठी 'फर्र' म्हणजे ईश्वरदत्त राजतेज लागते आणि ते राजकुळात वसते असे मानले आहे. रुस्तुम स्वतः हा नियम मानतो. कैकाऊसशी भांडताना तो सुनावतो की सरदारांनी आपल्याला तख्त देऊ केले होते, परंतु आपण रीत पाळून त्याकडे पाहिले नाही. असा माणूस मुलाच्या सांगण्यावरून मुकुट घेता ना, ही शंका रास्त आहे. काव्याच्या उत्तरार्धात राजकुळाबाहेरचा सेनापती बहराम चोबीन तख्त घेतो, पण ते त्याच्याकडे टिकत नाही. फिरदौसीने या नियमाची परीक्षा तेथे घेतली आहे आणि नियमच जिंकला आहे.

तरीही सोहराबच्या स्वप्नाचा एक भाग पुढे वेगळ्या वाटेने साकार होतो. कैकाऊसचा पुत्र सियावुश तूरानात जातो, अफ्रासियाबच्या मुलीशी विवाह करतो आणि अखेर अफ्रासियाबच्या हुकमाने मारला जातो. त्याचा पुत्र कैखुस्रो हा दोन्ही राजांचा नातू. तोच अफ्रासियाबचा अंत करतो. दोन्ही देशांचे रक्त असलेला तरुण दोन्ही तख्तांचा प्रश्न सोडवितो, हे सोहराबच्या बाबतीत नाकारले गेले आणि कैखुस्रोच्या बाबतीत मान्य झाले. फरक एवढाच की कैखुस्रो दोन्हीकडून राजवंशीय आहे. मधल्या काळात सूडाची दीर्घ युद्धे होतात. सोहराब जगला असता तर ती टळली असती का, हे सांगता येणार नाही. पण ज्या तख्ताच्या रक्षणासाठी औषध अडविले, त्याच तख्ताने पुढे स्वतःचा राजपुत्रही गमावला, ही संगती कवीने जवळजवळ ठेवलेल्या दोन कथांतून स्पष्ट दिसते.

राजकीय भागाची गळती

पुढच्या काळातील रूपांतरांत हा भाग गळत गेला. मॅथ्यू अर्नोल्डच्या १८५३ मधील प्रसिद्ध इंग्रजी काव्यात सोहराब केवळ पित्याच्या शोधात आहे. तख्ताचा बेत व कैकाऊसचा नकार तेथे नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून शिकलेल्या अनेक पिढ्यांना कथा याच रूपात भेटली. उर्दू रंगभूमीवर आगा हश्र काश्मिरी यांनी या कथेवर नाटक लिहिले. 'रणांगण' (१९३९) या कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर यांनी १९६३ मध्ये 'रुस्तम सोहराब' हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. पृथ्वीराज कपूर, प्रेमनाथ व सुरैया यांच्या भूमिका आणि सज्जाद हुसेन यांचे संगीत यांमुळे तो लक्षात राहिला. मराठी लेखकाचा हात या फारसी कथेला लागला, ही नोंद मराठीच्या शिक्षकांनी अवश्य घ्यावी. तथापि सर्वसाधारण स्मरणात उरली ती बाप-लेकाची शोकांतिका. तिचे दुःख खरे आहे, परंतु त्यात 'हे टाळता आले असते' ही जाणीव नाही. सगळा दोष नशिबाच्या माथी मारला म्हणजे कैकाऊस व अफ्रासियाब दोघेही निर्दोष सुटतात.

निष्कर्ष व अध्यापनातील उपयोग

दोन्ही काव्यांत लढतीचा निकाल नियम मोडून लागतो, हे साम्य आहे. भेद असा की महाभारतात विजेता कोणीही ठरला तरी गादीचा नियम तोच राहतो आणि वाट्याला येते ती ओसाड पृथ्वी. 'शाहनामा'त मात्र एक तरुण नियमालाच आव्हान देतो. म्हणूनच त्याला हरविण्यास एकटा रुस्तुम पुरत नाही, दोन दरबार लागतात.

भोपाळच्या बरखेडा परिसरात भेलच्या कारखान्यामुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे एकत्र आली. अशा ठिकाणच्या वर्गांत मराठी, हिंदी व उर्दू घरांतील मुले शेजारी बसतात. तेथे या दोन कथा एकत्र शिकविणे उपयुक्त ठरेल. विद्यार्थ्यांना कल्पनेने नवा शेवट लिहावयास सांगण्यापूर्वी एक अट घालावी. नव्या शेवटासाठी लागणारा प्रत्येक पुरावा मूळ कथेतूनच द्यावयाचा. गादीचा वारस कोण, सैन्य कोणाचे, कोणाला कशाची भीती होती, हे त्यांनी शोधावे. असे केल्यास 'जर-तर' हा करमणुकीचा खेळ न राहता वाचनाची शिस्त होईल. ज्याला आपण नशीब म्हणतो त्यात किती जणांचे निर्णय मिसळलेले असतात, हे विद्यार्थ्याला कळले तर त्याचा उपयोग केवळ साहित्याच्या तासापुरता राहणार नाही.