रिकाम्या नकाशाचा खेळ : नगरबांधणीच्या व्हिडिओ गेममधील घर्षण, सार्थ निवड आणि मुळशीचा अनुभव

प्रास्ताविक

व्हिडिओ गेम म्हणजे विद्यार्थ्यांचा वेळ खाणारी वस्तू, एवढीच या माध्यमाची ओळख महाविद्यालयीन वर्तुळात बहुधा असते. वस्तुतः कादंबरी किंवा चित्रपट ज्याप्रमाणे जगाविषयी काही म्हणतात त्याप्रमाणे गेमही म्हणतो. फरक इतकाच की त्याचे म्हणणे कथेत कमी आणि नियमांत अधिक असते. इयान बोगोस्ट यांनी 'पर्स्वेसिव्ह गेम्स' (२००७) या ग्रंथात नियमांच्या द्वारे होणाऱ्या या युक्तिवादाची सविस्तर मांडणी केली आहे. प्रस्तुत लेखात नगरबांधणीच्या गेमचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे. या गेममध्ये खेळाडूला अडवते कोण? आणि कोणीच अडवत नसेल, तर त्याच्या निवडीला अर्थ कशामुळे येतो? या प्रश्नाची कसोटी म्हणून पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका समोर ठेवला आहे. धरण, माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि डोंगरातील आखीव शहर ही नगरबांधणीच्या गेममधील तीन आवडती बांधकामे या एकाच तालुक्याने अनुभवली आहेत.

अडथळा आणि निवड

अनावश्यक अडथळे स्वेच्छेने ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ, अशी व्याख्या बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये केली. म्हणजे अडथळा हा खेळाचा दोष नसून त्याचा प्राण होय. मात्र सर्व अडथळे सारखे नसतात. सापशिडीत अडथळे भरपूर, पण निवड शून्य. फासा पडेल तसे जावयाचे. सोंगट्यांत फासा असतोच, परंतु कोणती सोंगटी पुढे काढावयाची हे खेळणाराच ठरवतो आणि त्याच्या वाटेत दुसऱ्या माणसाची सोंगटी उभी असते. सापशिडीतील साप कोणाचाच नसतो. सोंगट्यांतील अडथळ्याला मालक असतो, हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

केटी सालेन आणि एरिक झिमरमन यांनी 'रूल्स ऑफ प्ले' या ग्रंथात अर्थपूर्ण खेळासाठी दोन अटी सांगितल्या : कृतीचा परिणाम खेळाडूला जाणवला पाहिजे आणि तो परिणाम खेळाच्या पुढील प्रवाहात मुरला पाहिजे. गेमच्या रचनेत 'घर्षण' हा शब्द अलीकडे बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. बटणे फार, वाट लांब, प्रतीक्षा कंटाळवाणी, असा त्याचा रोख असतो. पण लुकास पोप यांच्या 'पेपर्स, प्लीज' (२०१३) या गेममध्ये हेच घर्षण अर्थवाहक झाले आहे. खेळाडू सीमेवरील तपासनीस असतो. टेबल मुद्दाम अपुरे ठेवले आहे. कागदांवर कागद चढतात, दिवस संपत येतो आणि घरचे भाडे, अन्न, औषध कमाईवर अवलंबून असते. एक प्रवासी पार होतो आणि मागून येणाऱ्या पत्नीला सांभाळून घ्या, असे सांगतो. पत्नीजवळ प्रवेशपत्र नसते. दिवसातील पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद मिळते, त्यानंतर दंड सुरू होतो. तेव्हा दयेचीही शिल्लक मोजावी लागते. कागद हाताळण्याचा त्रास काढून टाकला तर या प्रसंगातील नैतिक पेच उरेल, पण तो अंगावर येणार नाही.

मालक नसलेली जमीन

विल राइट यांचा 'सिमसिटी' (१९८९) हा या प्रकारातील मूळपुरुष. जे फॉरेस्टर यांच्या 'अर्बन डायनॅमिक्स' (१९६९) मधील प्रतिमानांचा त्यावर प्रभाव होता, आणि शहर ही परस्परावलंबी प्रवाहांची यंत्रणा आहे ही दृष्टी तेथूनच आली. कर वाढविले तर वस्ती ओसरते, रस्ते कमी पडले तर वाहतूक तुंबते. या अर्थाने परिणाम जाणवतोही आणि मुरतोही. तथापि खेळ सुरू होतो तो रिकाम्या भूमीवर. झाडे आहेत, पाणी आहे. शेत, पायवाट, स्मशान, देऊळ यांपैकी काही नाही. 'सिमसिटी २०००' (१९९३) मध्ये जलविद्युत केंद्र धबधब्यावर ठेवता येते. त्याने कोणाचेही काही बुडत नाही.

'सिटीज : स्कायलाइन्स' (२०१५) हा गेम येथे एक पाऊल पुढे आहे. त्यात पाण्याचा प्रवाह खरोखर गणला जातो. धरण चुकीच्या ठिकाणी घातले तर वरच्या अंगाची वस्ती पाण्याखाली जाते. हे घर्षण आहे, परंतु सापशिडीच्या जातीचे. पाणी अडवते, माणूस अडवत नाही. शहर वाढविण्यासाठी नकाशाचे नवे चौकोन विकत घ्यावे लागतात. खेळाडू पैसे मोजतो. ते कोणाला मिळतात हे गेम सांगत नाही. विक्रेता नसलेला हा व्यवहार या गेममधील सर्वांत बोलका नियम म्हटला पाहिजे.

मुळशीतील घर्षण

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईला वीज पुरविण्याची टाटा कंपनीची योजना ज्या खोऱ्यात आली ते खोरे रिकामे नव्हते. तेथे भातशेती करणाऱ्या मावळ्यांची पन्नासच्या आसपास गावे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रहाला प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासातून या लढ्याचे जे चित्र पुढे येते ते एकरेषीय नाही, आणि गेमच्या रचनाकाराला नेमके तेच शिकण्यासारखे आहे. जमिनीचा बराच भाग सावकारांकडे गेलेला होता. त्यांचे हित मोबदल्याच्या रकमेत होते. कसणाऱ्याचे हित जमीन राहण्यात होते. एकाच शेताबद्दल 'विरोध' या एकाच शब्दाखाली दोन वेगळे हेतू नांदत होते, आणि रक्कम वाढताच त्यांतील एक गळून पडण्याजोगा होता. नगरबांधणीच्या गेममध्ये जनतेचा असंतोष टक्केवारीच्या पट्टीवर दाखवितात. मुळशीचा सत्याग्रह अशा पट्टीवर मांडला तर सावकार राजी होताच पट्टी खाली येईल आणि खेळाडूला प्रश्न सुटल्याचा भास होईल. कुळाचे काय झाले हे त्याला कळणारच नाही.

म्हणून केवळ भूसंपादनाचा खर्च वाढविणे हा उपाय ठरत नाही. किंमत वाढली की घर्षण अंदाजपत्रकातील एक रकाना बनते. 'पेपर्स, प्लीज'मधील टेबलाप्रमाणे खेळाडूसमोर सातबाराचा उतारा ठेवला, त्यावर सहहिस्सेदारांची नावे, कुळाची नोंद, बोजा असे सारे असले आणि प्रत्येक चौकोन घेण्यापूर्वी ते वाचणे भाग पडले, तर गेम संथ होईल हे खरे. काही खेळाडू तो सोडूनही देतील. पण त्या संथपणात निवड असेल : कोणाची सही पुरेशी मानावयाची, आणि कोणाच्या सहीवाचून पुढे जावयाचे.

पुढील काळातही या तालुक्याने हा नकाशा कोरा नसल्याचे वारंवार दाखविले. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात उभे राहिले. लवासाचे काम २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने थांबविले आणि २०१८ मध्ये त्या कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. त्याच वर्षी प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने जमीन विकल्यानंतरच्या पिढीची कथा सांगितली. विक्रीनंतर काय, हा प्रश्न नगरबांधणीच्या गेमना पडत नाही.

परत न फिरणारी कृती

पोलंडमधील ११ बिट स्टुडिओजचा 'फ्रॉस्टपंक' (२०१८) हा या प्रकारातील अधिक प्रामाणिक गेम होय. हिमयुगात अडकलेल्या शहराचा प्रमुख असलेला खेळाडू बालकामगारांना परवानगी देणारा कायदाही करू शकतो, आणि एकदा केलेला कायदा मागे घेता येत नाही. असंतोष शिगेला पोहोचला तर प्रमुखाचीच हकालपट्टी होते. येथेही पट्टीच आहे, हा आक्षेप राहतो. तरीही कृतीचे अपरिवर्तनीयत्व या गेमने गंभीरपणे घेतले आहे. बुलडोझर फिरवून पुन्हा आखता येणाऱ्या शहरात चूक ही केवळ तालीम ठरते. मुळशीचे खोरे १९२७ पर्यंत जलाशय झाले, भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली, आणि जतन करून ठेवलेल्या जुन्या खेळाकडे परतण्याची सोय तेथे कोणालाच नव्हती.

'फ्रॉस्टपंक'नेही एक गोष्ट बदललेली नाही. खेळाडूची खुर्ची सदैव नगरप्रमुखाची असते. धरणाच्या दुसऱ्या बाजूला बसविलेल्या खेळाडूपुढे कोणत्या निवडी येतील याचा आराखडा मुळशीत तयार आहे : सावकारासह राहावे की वेगळे व्हावे, मोबदला स्वीकारून उठावे की पायाच्या खड्ड्यात बसून राहावे. अहिंसेची मर्यादा कोठे संपते, हाही त्यांतील एक. बापटांनी अखेरच्या टप्प्यात शस्त्र हाती घेऊन बांधकामाची रेल्वे अडविली आणि त्याबद्दल सात वर्षांचा कारावास भोगला. त्यांच्या या निर्णयाविषयी सत्याग्रहाच्या समर्थकांतही एकमत नव्हते.