पिनहोल कॅमेरा : दोन रोग, एकच औषध?

शाळेत पिनहोल कॅमेरा कसा करावा हे सांगणारी टिपणे पुष्कळ आहेत. डबा आतून काळा करणे, पत्र्याला सुईने भोक पाडणे ही कृती त्यांत नीट दिलेली असते. फोटोच्या कागदावर निगेटिव्ह घेतल्यावर मात्र बहुधा एवढाच सल्ला मिळतो : चित्र चांगले नसेल तर काँट्रास्ट वाढवा. आमचा आक्षेप या सल्ल्यावर आहे.

कागदी निगेटिव्ह दोन उलट कारणांनी बिघडते. कधी सगळे चित्र मळकट करडे येते, तर कधी नुसते काळे-पांढरे येऊन मधल्या छटा नाहीशा होतात. पहिल्यात काँट्रास्ट वाढवायचा असतो, दुसऱ्यात कमी करायचा.

मळकटपणामागे बहुधा नको तो प्रकाश असतो. न वापरलेला कागदाचा तुकडा तसाच डेव्हलप करावा. तो करडा झाला तर कागद जुना आहे किंवा डार्करूमचा दिवा सदोष आहे. तो पांढरा राहिला तर दुसरा तुकडा डब्यात घालून, भोक झाकून, डबा पाच मिनिटे उन्हात ठेवावा. आता करडेपणा आला तर डबा गळतो आहे. नुसते जास्त वेळ डेव्हलप केल्याने हा दोष जात नाही.

दुसऱ्या दोषाचे मूळ कागदात आहे. तो मुख्यतः निळा प्रकाश टिपतो, मल्टिग्रेड कागद हिरवाही. लाल जवळजवळ नाहीच. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालतो, आणि म्हणूनच लाल कौले छापात काळी येतात. एकाच तत्त्वाची ही दोन रूपे टिपणांत क्वचितच जोडून दाखवली जातात. उपाय सोपे आहेत : ढगाळ दिवस निवडावा, डेव्हलपर पातळ करावा, कागद मल्टिग्रेड असेल तर भोकापुढे पिवळा फिल्टर लावून वेळ वाढवावा. दहा सेंटिमीटर खोल डब्याला ०.४ मिलिमीटरचे भोक असेल, तर फिल्टरशिवाय उन्हात सुमारे एक मिनिट लागते.

एका कार्यशाळेत एका मुलीने ‘माझे भोकच चुकले’ म्हणून करडा कागद फेकून दिलेला आम्ही पाहिला. भोक उत्तम होते. झाकण सैल होते. कारण शोधायची रीत टिपणात असती, तर ते तिनेच शोधले असते.