कारकून, पुरोहित आणि पर्यायशब्दांचा प्रश्न

इंग्रजीतील ‘क्लार्क’ व ‘क्लेरिक’ हे दोन्ही शब्द लॅटिन ‘क्लेरिकस’ या एकाच शब्दापासून आलेले आहेत. त्याचे मूळ ग्रीक ‘क्लेरोस’ म्हणजे वाटा, हिस्सा. मध्ययुगीन युरोपात लिहिणे-वाचणे हे प्रायः धर्मसंस्थेतील मंडळींचेच काम असल्यामुळे धर्मसेवक आणि लेखनिक यांना एकच नाव पुरले. कामे वेगळी झाल्यावर शब्द फुटला. त्यामुळे चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील ऑक्सफर्डच्या ‘क्लार्क’चे भाषांतर ‘कारकून’ असे करणे ही ढोबळ चूक ठरते. तो ग्रंथांत बुडालेला दरिद्री विद्यार्थी आहे. कचेरीशी त्याचा संबंध नाही.

मराठीत असा फुटलेला शब्द नाही. येथे आरंभापासूनच दोन शब्दभांडारे दिसतात. पुरोहित, उपाध्याय, जोशी, भट हे संस्कृतोद्भव. कारकून, दफ्तर, फडणीस, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार हे फारसी वळणाचे. पैकी ‘-नीस’ हा ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा याचा झिजलेला अवशेष होय. ‘पारसनीस’ या आडनावात फारसी लिहिणारा अजून ओळखू येतो.

परंतु हे द्वैत मुळातले नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री हा राज्याच्या लेखनविभागाचा प्रमुख होता आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथाचा कर्ताही होता. त्याच्या अधिकारनामातील ‘करण’ हा फारसीपूर्व काळातील कचेरीचा शब्द. वरच्या दरबारांतून तो नाहीसा झाला, गावात मात्र ‘कुलकर्णी’ या नावात टिकला. राजभाषेचा लोट जेथे क्षीण होता तेथे जुना शब्द राहिला, एवढाच याचा अर्थ.

या पार्श्वभूमीवर शिवकालीन ‘राजव्यवहारकोशा’चे परीक्षण करणे बोधप्रद आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराच्या या कोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले असून त्याचे दहा वर्ग आहेत. त्यांत कार्यस्थानवर्ग आहे, लेखनवर्ग आहे. धर्मवर्ग मात्र नाही. पुरोहिताच्या शब्दांत बदलण्यासारखे फारसे काही नव्हते. हा अभाव कोशकाराचा दोष नसून भाषेच्या स्थितीचा पुरावा आहे.

कोशाची मर्यादा निराळी. त्याने पदाला नाव दिले, पण कामाच्या जिवंत संकेतांकडे दुर्लक्ष केले. मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनीसाचा सचिव झाला. ही नावे पुढे घराण्यांच्या किताबांत प्रतिष्ठा पावली. रोजचा हिशेब लिहिणारा मात्र कारकूनच राहिला, आणि ‘पेशवा’ या शब्दाने ‘मुख्य प्रधान’ या प्रतिशब्दाला व्यवहारात मागे सारले. १९६० नंतर शासकीय परिभाषेत ‘लिपिक’ हा शब्द आणताना हा अनुभव ध्यानात घेतला गेला असे दिसत नाही. ‘लिपिक’ कागदोपत्री रुळला हे खरे. पण ‘कारकुनी’ या शब्दातील तुच्छता, नेटकेपणा व चिकाटी यांची सरमिसळ ‘लिपिकी’त उतरू शकली नाही. (‘लिपिकी वृत्ती’ असे म्हणून पाहावे.)

धर्मविषयक शब्दांच्या बाबतीत दोष उलट्या दिशेचा आहे. पर्यायकोशांत पुरोहित, उपाध्या, जोशी, भट, गुरव यांची एका ओळीत भरती केलेली आढळते. जोशी पंचांग सांगणारा वतनदार. उपाध्या घराण्याशी वंशपरंपरेने बांधलेला. गुरव शिवालयाची सेवा करणारा, बहुधा ब्राह्मणेतर. बडवे केवळ पंढरपूरचे. बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपले, परंतु शब्द आडनाव म्हणून उरला. हे पर्याय नव्हेत, वेगवेगळ्या हक्कांची नावे आहेत.

दोन्ही क्षेत्रे एकत्र आणणारे शब्द मराठीत अगदी नाहीत असे मात्र नाही. ‘धर्माधिकारी’ हा प्रायश्चित्ताचा निर्णय देणारा असून त्याची वृत्ती वतनी होती. ‘काजी’ न्यायही देई, निकाहही लावी. इंग्रजी शब्दाच्या जुन्या अर्थाशी हे दोन शब्द ‘पुरोहित’ किंवा ‘कारकून’ यांपेक्षा अधिक जवळचे आहेत, आणि कोशांनी नेमके तेच दुर्लक्षिले. मराठी प्रॉटेस्टंट समाजातील ‘पाळकसाहेब’ हे संबोधनही पाहण्यासारखे: बायबलातील मेंढपाळाच्या रूपकाला कचेरीतील ‘साहेब’ येऊन चिकटला आहे.

मराठीतील खरी विभागणी शब्दांपेक्षा जीवनक्रमाची होती. एकाच ब्राह्मण ज्ञातीत ‘गृहस्थ’ आणि ‘भिक्षुक’ असे दोन वर्ग मानले जात. पहिला दफ्तर सांभाळी, दुसरा पोथी. एका भावाने कुलकर्ण व दुसऱ्याने भिक्षुकी करावी, हे घरोघर घडे. तेव्हा ‘क्लेरिकल’ या विशेषणासाठी मराठीत एकच प्रतिशब्द शोधणे निष्फळ आहे. हस्तदोषाच्या संदर्भात ‘लेखनप्रमाद’, युरोपच्या राजकारणाच्या संदर्भात ‘पुरोहितशाही’ आणि चॉसरच्या संदर्भात ‘विद्यार्थी’ अशी निवड वाक्यागणिक करावी लागेल, आणि कोशातही ती तशीच, उपयोगाच्या उदाहरणांसह, नोंदवावी लागेल.