छडी, गज आणि शुमानची समीक्षा

४ ऑक्टोबर १८३५ रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात नव्या हंगामाची पहिली मैफल झाली. संचालनाची धुरा सव्वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनने त्या दिवशी प्रथमच स्वीकारली होती. कार्यक्रमात शांत समुद्र आणि सुखरूप जलप्रवास या विषयावरील त्याचे ओव्हर्चर आणि बेथोव्हनची चौथी सिम्फनी होती. कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीतील हे सभागृह जेमतेम पाचशे श्रोत्यांचे. वाद्यवृंदही आजच्या चेंबर ऑर्केस्ट्राहून फारसा मोठा नव्हता. तोवर तेथे सिम्फनीचे नेतृत्व पहिला व्हायोलिनवादक माटेई आपल्या जागेवरून, गजाच्या हालचालीने करीत असे. आपल्याकडे साथीदार गायकाचा चेहरा वाचत समेवर येतात. मराठी रसिकाला ही रीत चटकन उमगावी. मेंडेल्सोन मात्र हाती छडी घेऊन समोर उभा राहिला.

या मैफलीवर रॉबर्ट शुमानने आपल्या नियतकालिकात लिहिले ते पत्राच्या रूपात. लिहिणारा युसेबियस काल्पनिक, त्याचा मित्र फ्लोरेस्टानही काल्पनिक. एकाच समीक्षकाच्या या दोन प्रकृती. वाद्यवृंद एखाद्या वळणावर पोचण्याआधीच संचालकाची नजर तेथे पोचलेली असते, हे युसेबियस मनापासून वाखाणतो. तरीही छडी त्याला खुपते. सिम्फनीत वाद्यवृंदाने प्रजासत्ताकासारखे उभे राहावे, कोणाला वरचढ मानू नये, हे फ्लोरेस्टानचे मत त्याला पटते. सॅक्सनीच्या राज्यात, राजाच्या अमलाखाली, हा शब्द निरुपद्रवी नव्हता.

या आक्षेपाला तारुण्यसुलभ भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. चौथ्या सिम्फनीचा आरंभ ऐकावा. वायुवाद्यांनी धरून ठेवलेल्या स्वराखाली तंतुवाद्ये चाचपडत उतरतात. मूळ स्वरस्थान बराच वेळ लपलेले राहते आणि मग एकाएकी सारे द्रुत लयीत उसळते. हा उजेड छडीने दाखवून दिला, की वादकांनी एकमेकांना ऐकत शोधला, यावर त्या क्षणाचा अर्थच बदलतो. शुमानचा प्रश्न परस्परश्रवणाचा आहे. १९२२ साली मॉस्कोत संचालकाविना चाललेला पर्सिमफान्स आणि १९७२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेला ऑर्फियस यांनी तो प्रत्यक्षात तपासला. त्याची किंमत प्रदीर्घ तालमींत मोजावी लागते हेही दिसले. पुढे ड्युसेलडोर्फला शुमान स्वतः संचालक म्हणून अपयशी ठरला. त्याच्या समीक्षेचे मोल त्यामुळे उणावत नाही.

छडी टिकली. माटेई त्याच नोव्हेंबरात निवर्तला आणि १८३६ पासून फर्डिनांड डाव्हिड प्रमुख व्हायोलिनवादक झाला. त्याच्यासाठी मेंडेल्सोनने लिहिलेला ई मायनरमधील व्हायोलिन कंचेर्तो १३ मार्च १८४५ रोजी याच सभागृहात, नील्स गाडेच्या संचालनाखाली, प्रथम वाजला. त्यात व्हायोलिन वाद्यवृंदाच्या प्रस्तावनेची वाट पाहत नाही. आणि पहिल्या भागाच्या मध्यावर, एकल कादेंझाच्या अखेरीस, त्याचा गज चारही तारांवर उसळत राहतो; मूळ सुरावट वाद्यवृंद उचलतो आणि नायक असलेले व्हायोलिन त्याला साथ करते. छडीखालीही नेतृत्व असे हातोहात फिरते. फ्लोरेस्टानच्या आक्षेपाला रचनेतूनच मिळालेले हे उत्तर. मात्र तोवर शुमानने संपादन सोडले होते आणि तो ड्रेस्डेनला राहावयास गेला होता.