‘व्हाय लॉयटर?’ : भीती मोजताय की पूर्वग्रह?

‘सार्वजनिक जागा आणि महिलांची सुरक्षितता’ असा विषय पीएच.डी.साठी घेणार असाल, तर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) आधी वाचा. मुंबईतल्या ‘पुकार’ संस्थेच्या संशोधन प्रकल्पातून हे पुस्तक उभं राहिलं.

मुद्दा साधा आहे. बाईला रस्त्यावर यायला कारण लागतं : नोकरी, भाजी, मुलांची शाळा. नुसतं उभं राहण्याची मुभा पुरुषाला, आणि तीही सगळ्या पुरुषांना नाही. बाईच्या सुरक्षिततेचं नाव पुढे करून गरीब, परप्रांतीय, मुस्लिम पुरुषांकडे आणि फेरीवाल्यांकडे संशयाने पाहिलं जातं. म्हणून लेखिका जास्त पहारा मागत नाहीत. सगळ्यांसाठीच विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मागतात. पुस्तकाची खरी ताकद इथं आहे.

पण संशोधक म्हणून दोन ठिकाणी थांबावं लागतं.

पहिलं : भीतीत पूर्वग्रह मिसळलेला असतो हे पुस्तक पटवून देतं, पण तो किती, हे मोजायला निघत नाही. त्यासाठी सॅम्पसन आणि राउडनबुश यांचा शिकागोचा अभ्यास (२००४) बघा. त्यांनी रस्त्यावरची अव्यवस्था स्वतंत्रपणे नोंदवली आणि रहिवाशांना काय वाटतं तेही विचारलं. प्रत्यक्षात दिसणाऱ्या अव्यवस्थेपेक्षा वस्तीत कृष्णवर्णीय किती आणि गरिबी किती, यावरून लोकांचं मत जास्त ठरत होतं.

दुसरं : पुस्तक महानगराचं आहे. तिथं गर्दीत हरवता येतं. गुरुकुंज मोझरीसारख्या गावात ते जमत नाही. इथं अनोळखी माणसापेक्षा ओळखीच्या नजरेचा धाक मोठा असू शकतो. पोरगी स्टँडवर कोणासोबत बोलली, हे ती घरी पोचायच्या आधी घरी पोचतं. बदनामीची भीती पुस्तकात आहेच, पण आपल्याकडे प्रश्नावलीची सुरुवातच तिथून करावी लागेल.

आणखी एक बघा. पुण्यतिथी महोत्सवात नागपूर–अमरावती महामार्गावरच्या याच गावात अनोळखी लोकांची प्रचंड गर्दी होते. त्या गर्दीला आपण ‘भाविक’ म्हणतो. एरवी संध्याकाळी चार पोट्टे उभे दिसले की ‘टवाळखोर’. मग भीती गर्दीची, की आपण दिलेल्या नावाची?

हा शब्दांचा खेळ नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. अशा शहरात ‘कोणत्या भागात असुरक्षित वाटतं?’ एवढंच विचारलं, तर उत्तरांतून एका समाजाच्या वस्तीचा नकाशा निघू शकतो, आणि त्यावर तुमच्या विद्यापीठाचा शिक्का बसतो.

तेव्हा प्रश्न सुटे करा. त्या भागात शेवटचं कधी गेला होता? तिथं काय घडलं? स्वतः पाहिलं की ऐकलं? दिवे, फुटपाथ, शेवटच्या एसटीची वेळ यांची नोंद स्वतः जाऊन घ्या. आणि ज्यांची भीती वाटते असं लोक सांगतात, त्या पोरांनाही विचारा : बाबा, तुले इथं सुरक्षित वाटते का?