श्रद्धा विरुद्ध नास्तिकता: आमच्या वर्गातल्या तुलनेत काय चुकलं?



नेहमी इथे मी माझ्या प्रयोगशाळेतल्या गोष्टी सोप्या करून सांगायचा प्रयत्न करतो. आज थोडं वेगळं. आज एका तुलनेवर टीका करायची आहे. ती तुलना आमच्याच वर्गात झाली आणि ती बिघडवण्यात माझाच हात मोठा होता, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पीएच.डी.ला प्रवेश घेतला की कोर्सवर्क करावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. यूजीसीने २०१९ मध्ये त्यात ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा केला. वाङ्मयचौर्य, खोटा डेटा, बनावट जर्नल्स हे सगळं त्यात येतं, पण सुरुवात तत्त्वज्ञानापासून होते. त्या तासाला चर्चेचा विषय मिळाला: ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि नास्तिकता’. वर्गात रसायन, भौतिक, प्राणिशास्त्र असे सगळे विज्ञानवालेच. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली, दोन रकाने झाले. डावीकडे आम्ही लिहिलं: चमत्कार, पाप, धर्मयुद्धं, गॅलिलिओ. उजवीकडे: पुरावा, तर्क, विज्ञान, स्वातंत्र्य. उजवा रकाना जवळजवळ सगळा मीच भरला. मी नास्तिक आहे आणि नांदेडात राहून नास्तिक असल्याचा थोडा अभिमानही बाळगतो. हे गाव नरहर कुरुंदकरांचं.

निकाल अर्ध्या तासात लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका सहाध्यायीने हात वर केला. ती ख्रिस्ती आहे, लातूर जिल्ह्यातली. म्हणाली, “किल्लारीच्या भूकंपात माझी आजी ढिगाऱ्याखाली होती. सकाळी लोकांनी काढलं तिला. बाहेर आल्या आल्या तिनं देवाचे आभार मानले. तिला कोणत्या रकान्यात टाकायचं?”

मी लगेच म्हणालो, “मग बाकीच्यांना का नाही काढलं तुमच्या देवानं?”

वर्ग हसला. ती खाली बसली. त्यानंतर ती आमच्याबरोबर चहाला आली नाही.

आता टीकेकडे येतो. माझ्या मते त्या तुलनेत तीन चुका होत्या.

पहिली चूक: ब्लँक

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रीडिंग घेण्याआधी आपण ब्लँक लावतो आणि यंत्र शून्यावर आणतो. पहिल्या वर्षाची पोरं इथे हमखास फसतात. त्यांना वाटतं ब्लँक म्हणजे रिकामी क्युव्हेट. तसं नसतं. ब्लँकमध्ये सॉल्व्हंट असतंच. नमुन्यात जे जे आहे, त्यातला मोजायचा पदार्थ सोडून बाकी सगळं ब्लँकमध्ये असावं लागतं.

वर्गात आम्ही नास्तिकतेला ब्लँक समजत होतो, म्हणजे शून्य, काही नसणं. तिची श्रद्धा हा नमुना आणि आम्ही मोजणारे. पण आमच्या क्युव्हेटमध्ये सॉल्व्हंट होतंच. आम्ही बहुतेक सगळे हिंदू घरांतले. घरी गणपती बसतो, आरतीला आम्ही टाळ्या वाजवतो, प्रसाद खातो, आणि तरी स्वतःला नास्तिक म्हणवून घेतो. घरात फारसं कुणी अडवत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडे कमी. नास्तिक अशी नोंद झालेले तर अख्ख्या देशात ३३ हजारांच्या आसपास. आकडा बघितला तर नास्तिक जास्त अल्पसंख्य दिसतात. पण वर्गात उलटं होतं. वर्गात आम्ही तीस होतो आणि ती एकटी. ‘तुमच्या देवानं’ यातला ‘तुमच्या’ हा शब्द नास्तिकाचा नव्हता, तो बहुसंख्याचा होता. हे मला रात्री खोलीवर गेल्यावर कळलं.

गंमत म्हणजे ‘नास्तिक’ हा शब्दसुद्धा आम्ही नीट वापरला नाही. आपल्या जुन्या परंपरेत नास्तिक म्हणजे देव न मानणारा असा सरळ अर्थ नाही, वेदांचं प्रामाण्य न मानणारा असा आहे. मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, पण वेद मानतात, म्हणून ते आस्तिक दर्शनात मोडतात. बौद्ध, जैन, चार्वाक हे नास्तिक. या हिशेबाने ख्रिस्ती माणूसही नास्तिकच! म्हणजे ती आणि मी एकाच बाकावर बसलो होतो आणि रेघ भलतीकडे मारली होती.

दुसरी चूक: उसना डेटा

गॅलिलिओ काय, धर्मयुद्धं काय, सगळी उदाहरणं युरोपातली. आमची नास्तिकताही यूट्यूबवरच्या इंग्रजी वादविवादांतून आलेली. युरोपात चर्च सत्तेत होतं, त्यामुळे तिथल्या नास्तिकाचं भांडण सत्तेशी होतं. मराठी मुलखात चर्च कधी बहुसंख्य नव्हतं. इथला डेटा वेगळा आहे आणि तो आपल्याकडे भरपूर आहे.

एकच साल घ्या, १८९५. त्या वर्षी १० फेब्रुवारीला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी १७ जूनला गोपाळ गणेश आगरकर पुण्यात वारले. एक ख्रिस्ती झालेला कवी, दुसरा ‘सुधारक’चा संपादक, बुद्धिवादी, देव-परलोक यांवर भिस्त न ठेवणारा. आमच्या फळ्यावर हे दोघे समोरासमोरच्या रकान्यांत गेले असते. पण दोघांनी काय नाकारलं ते बघा. जन्मावरून ठरणारी उच्चनीचता दोघांनीही नाकारली. दोघांनीही आपल्या ब्राह्मण समाजाचा रोष ओढवून घेतला. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाल्याचं सांगतात.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तर आमच्या ‘श्रद्धा म्हणजे विचार बंद’ या समीकरणाला सरळ छेद देतं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ही बाई लगेच मागे गेली नाही. पाच वर्षं घेतली. सोवळंओवळं, जातपात हे देवानं केलं की माणसानं, यावर तिनं स्वतःच विचार केला, माणसानं केलं असं ठरवलं, आणि मगच पाऊल टाकलं. शाळेत न गेलेली ही बाई. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि चर्चच्या अधिकारावरून आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. शंका घेणं हा नास्तिकांचा मक्ता नाही, हे दाखवायला एवढं पुरे.

मराठवाड्यात म्हणाल तर जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. अगदी अलीकडे, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांचं ‘सुबोध बायबल’ मराठीत आहे. आमच्या वर्गात ते कुणी वाचलं होतं? कुणीच नाही, मी पण नाही. आणि कुरुंदकरांचं नाव मी कशाच्या जोरावर घेत होतो? ज्या माणसाने न पटणाऱ्या मनुस्मृतीवर पुस्तक लिहिण्याइतका तिचा अभ्यास केला, त्याचं नाव मी न वाचलेल्या ग्रंथावर विनोद करण्यासाठी वापरलं. कुरुंदकर १९८२ मध्येच गेले. समोर असते तर त्यांनी आधी मलाच उभं केलं असतं.

तिसरी चूक: तीन प्रश्नांचा एकच प्रश्न

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जन करून लोक दमून झोपलेले. सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार मृत्यू. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण आमच्याकडे अजून ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी सालं सांगतात.

याची जुळी घटना युरोपात आहे. १ नोव्हेंबर १७५५, लिस्बन. तो सर्व संतांचा सण होता, सकाळी चर्च भरलेली असतानाच धक्का बसला. व्होल्तेरने त्यावर कविता लिहून विचारलं की हे जग चांगल्या योजनेनं चाललंय असं कसं म्हणायचं? मी वर्गात विचारलेला प्रश्न तोच, फक्त पावणेतीनशे वर्षं शिळा. (व्होल्तेर नास्तिक नव्हता, हेही नंतर वाचलं.) त्याला १७५६ मध्ये रूसोने पत्राने उत्तर दिलं. रूसो ईश्वरी योजनेची बाजू घेत होता, पण त्याचा एक मुद्दा बघा: सहा-सहा, सात-सात मजली हजारो घरं एकमेकांना खेटून काही निसर्गानं बांधली नव्हती. म्हणजे भूकंपानं नाही तर घरानं माणूस मरतो, ही आजची इंजिनिअरिंगची गोष्ट त्या वादात श्रद्धेची बाजू घेणाऱ्यानं सांगितली.

किल्लारीत नेमकं तेच झालं. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर अजून माती. उन्हाळ्यात थंडगार घर, पण धक्का बसला की भिंत फुगून सुटते आणि सगळं ओझं झोपलेल्या माणसावर येतं. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवले होते, तरी घरं तीच राहिली.

तर प्रश्न तीन आहेत. जमीन का हलली? इतके लोक का मेले? आणि माझंच माणूस का गेलं, किंवा मीच का वाचले? पहिल्याचं उत्तर भूशास्त्र देतं, दुसऱ्याचं बांधकाम आणि गरिबी. या दोन्हींसाठी श्रद्धाळू आणि नास्तिक एकच पुस्तक उघडतात, तिथे रकाने करायची गरजच नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे ‘काही कारण नाही’ एवढंच उत्तर आहे. ते मला खरं वाटतं. पण ढिगाऱ्यातून निघालेल्या बाईला ते सांगून मी काय दिलं? तिच्या आजीनं मानलेले आभार हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच. मी तिसऱ्या प्रश्नावरच्या बोलण्याला पहिल्या प्रश्नाचा पेपर समजून शून्य मार्क दिले.

याचा अर्थ ‘दोन्ही बाजू सारख्याच, सोडून द्या’ असा नाही. प्रार्थना केली की भिंत टिकते असं कुणी म्हणालं तर तो पहिल्या दोन प्रश्नांतला दावा आहे आणि त्याला पुरावा मागितलाच पाहिजे. दाभोलकरांची समिती हेच सांगत आली: विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. शंका घेण्याची किंमत आपल्याकडे खरीच मोठी आहे, म्हणून ती शंका वर्गात हशा मिळवायला खर्च करू नये, एवढंच माझं म्हणणं.

परवा मी तिला गाठून सॉरी म्हणालो. ती म्हणाली, “प्रश्न चूक नव्हता रे. आजीनं पण तोच विचारलेला. तिची धाकटी बहीण त्याच घरात गेली. दर तीस सप्टेंबरला विचारती ती देवाला, बाकीच्यांना का नाही काढलंस म्हणून. तू विचारून मोकळा झालास. ती अजून विचारायली.”

मला यावर काही बोलता आलं नाही.

फळा कधीच पुसला गेलाय. पण वहीत ते दोन रकाने मी तसेच ठेवलेत, खाली तारीख टाकून. सदोष प्रयोगाची नोंद फाडायची नसते, असं आम्हाला त्याच कोर्समध्ये शिकवलंय.

तुमच्या वर्गात अशी चर्चा झाली असेल तर जरूर लिहा. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा. भेटू पुढच्या लेखात.